उचकी थांबत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणातल्या एका डायलिसिस केंद्रात टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मशीन लावलं की चार तास पेशंट खाटेवर आणि नातेवाईक बाजूच्या स्टुलावर. त्या चार तासांत लोक जे डॉक्टरांना विचारायला संकोचतात ते आम्हाला विचारतात. उचकीबद्दल तर हटकून विचारतात, कारण किडनीच्या पेशंटला उचकी नवीन नसते. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या वडिलांना उचकी लागली आणि मला वाटत होतं तेवढं मला कळत नव्हतं, हे समजलं. तेव्हापासून वाचत, आमच्या डॉक्टरांना विचारत जे जमा झालं ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलं आहे.

उचकी लागते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटासारखा एक पातळ, रुंद स्नायू असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. एरवी तो संथपणे वरखाली होतो आणि आपला श्वास चालतो. उचकीत तो एकदम आकसतो, हवा झटक्यात आत ओढली जाते आणि जेमतेम 35 मिलिसेकंदांत स्वरयंत्राची फट मिटते. त्या मिटलेल्या दारावर हवा आपटते, तोच तो ‘हिक्’.

हे घडवून आणणाऱ्या नसांचा रस्ता बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. श्वासपटलाला हुकूम देणारी फ्रेनिक नस मानेच्या मणक्यांतून निघते, छातीत हृदयाला चिकटून खाली उतरते आणि श्वासपटलाला पोचते. दुसरी, व्हेगस नस, थेट मेंदूच्या देठातून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागातून निघते. तिचा एक फाटा कानात जातो, बाकीचे घसा, अन्ननलिका, हृदय, फुप्फुस, जठर असं करत पोटभर पसरतात. या दोन्हींचा मेळ मेंदूच्या देठात आणि मानेतल्या मज्जारज्जूत बसतो. एवढ्या लांबच्या रस्त्यावर कुठेही काही टोचलं, सुजलं, दाबलं गेलं, किंवा रक्तातलं रसायन बिघडून मेंदूचा देठच चिडला, तरी शेवटी ऐकू येते ती उचकीच. म्हणून नुसत्या आवाजावरून कारण कोणालाही सांगता येत नाही.

किती वेळ चालली तर काळजी करायची?

48 तास. दोन दिवस आणि दोन रात्री. त्याच्या आत थांबणारी उचकी साधी. दोन दिवस ओलांडले की डॉक्टर तिला चिवट उचकी मानतात आणि कारण शोधायला लागतात. महिन्याच्या पुढे गेली की ती हट्टी.

पण एक गैरसमज मी सारखा बघते. लोक 48 तास हा आकडा ऐकतात आणि ‘अजून एक दिवस आहे ना’ म्हणून थांबतात. 48 तासांचा हिशेब फक्त एकट्या आलेल्या उचकीला लागू आहे. उचकीसोबत दुसरं काही आलं असेल, उदाहरणार्थ गरगर, गिळताना ठसका, छातीत दुखणं, ताप, उलट्या किंवा बोलण्यात बदल, तर पहिल्या तासालाही दवाखाना गाठायचा. उचकी किती वेळची आहे हे घड्याळ सांगेल. तिच्यासोबत कोण आलंय हे मात्र घरच्यांनीच बघायचं असतं.

उचकी लागली की वेळ लिहून ठेवा. कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या वहीत, कुठेही. ‘परवापासून असेल बहुतेक’ आणि ‘मंगळवारी संध्याकाळी साडेसातपासून’ यांत डॉक्टरसाठी फार फरक असतो.

कोणीतरी आठवण काढतंय, सात घोट पाणी, साखर... हे सगळं सोडून द्यायचं का?

अजिबात नाही. आठवण काढणाऱ्याचं नाव ओळखलं की उचकी थांबते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. एकेक नाव घेण्यात दहा मिनिटं जातात आणि साधी उचकी तेवढ्या वेळात बहुतेक वेळा आपणहूनच थांबते. बिघडत काहीच नाही.

बाकीच्या उपायांमागे थोडंफार शास्त्रही आहे. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उचकीचा जोर कमी होतो. गार पाण्याचे सलग घोट, कोरडी साखर, लिंबाची फोड चोखणं, गुडघे पोटाशी घेऊन बसणं यांनी घसा किंवा पोटातल्या नसांना वेगळा संदेश मिळतो आणि उचकीचं चक्र तुटू शकतं. कोरड्या साखरेचा चमचाभर उपाय तर 1971 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. 20 पैकी 19 जणांची उचकी थांबली, असं त्यात नोंदवलंय. नोंद छोटी आहे, पण आजीचा चमचा अगदीच वाया जात नाही म्हणायचा.

कोणी काय करू नये, हे मात्र नीट वाचा. मधुमेह असणाऱ्याने परत परत साखर खाऊ नये. गिळताना ठसका लागत असेल त्याला पाणी पाजत बसू नका, ते फुप्फुसात जाईल. डोळ्यांची बुबुळं दाबणं आणि मानेची शीर चोळणं हे प्रकार घरी करायचे नाहीत, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके त्याने एकदम मंद होऊ शकतात. हृदयरोग्याला दचकवूही नका. आणि डायलिसिसवरच्या माणसाला ‘सात घोट पाणी पी’ असं सांगणारे पाहुणे मला रोज भेटतात. ज्याला दिवसभराचं पाणी मोजून प्यायचं आहे, त्याचे सात घोट दर तासाला झाले तर दुसऱ्या दिवशी त्याला धाप लागलेली असते.

तुमच्या वडिलांचं काय झालं होतं?

हा प्रश्न मला केंद्रात सगळेच विचारतात, म्हणून लिहिते.

मंगळवारी संध्याकाळी बाबांना गरगरलं आणि एक उलटी झाली. आई म्हणाली, पित्त झालंय. तासाभरात उचकी लागली. मिनिटाला चौदा-पंधरा. खाटेवर बसले तर खाट हलायची. माझ्या मुलांनी नावं घ्यायला सुरुवात केली, पुण्याची आत्या, मुंबईचा काका, गावातले देवळातले गुरव. बाबा हसत होते, मध्येच उचकी येऊन हसू तुटत होतं. साखर झाली, लिंबू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे पित्ताचं इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या.

मी किडनीच्या कामातली. मला पहिली शंका किडनीचीच. दुपारी रक्त काढून नेलं, क्रिएटिनिन 1.1. म्हणजे किडनी ठणठणीत. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तिथेच चुकले. माझ्या ओळखीचं कारण नाही म्हणजे कारणच नाही, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा दिला, तो नाकातून परत आला. आई म्हणाली, “अगं, ह्यांचा आवाज ऐकलास? बसल्यासारखा येतोय.” दोन दिवस उचक्या देऊन घसा बसला असेल असं मला वाटलं. मग बाबा मोरीकडे निघाले ते भिंतीला हात लावून, डावीकडे कलत. तोंड धुताना म्हणाले, “पाणी उजवीकडे गार लागतंय, डाव्या गालाला लागतच नाही.” तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले.

जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. पहिला सीटी स्कॅन नॉर्मल आला. तिथल्या डॉक्टरांनी त्यावर न थांबता एमआरआय करायला लावला आणि त्यात मेंदूच्या देठाच्या मागच्या कडेला छोटासा झटका दिसला. अर्धांगाच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आम्हाला दीड दिवसाहून जास्त वेळ होऊन गेला होता. बाबांची उचकी अकराव्या दिवशी थांबली. नाकातून घातलेली नळी पाच आठवडे राहिली. आता ते मऊ भात आणि कुळथाची पिठी स्वतःच्या हाताने खातात, हनुवटी छातीकडे झुकवून, सावकाश.

म्हणजे उचकी हे लकव्याचं लक्षण असू शकतं?

हो, आणि त्यात हातपाय लुळे पडतीलच असं नाही. त्यामुळेच ते चुकतं. लकवा म्हटलं की आपल्याला वाकडं तोंड आणि लुळा हात आठवतो. मेंदूच्या देठाच्या बाजूच्या भागात झटका आला तर ताकद शाबूत राहते, बिघडतात त्या दुसऱ्या गोष्टी: एकदम गरगरणं, उलटी, चालताना एका बाजूला तोल जाणं, गिळता न येणं, आवाज घोगरा होणं, चेहऱ्याच्या एका बाजूला आणि अंगाच्या उलट बाजूला गरम-गार न कळणं, एक पापणी किंचित खाली येणं. आणि उचकी. उचकी सोडून यांतलं एखादं जरी अचानक सुरू झालं असेल तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. दवाखान्यात ‘उचकी लागलीय’ एवढंच सांगू नका. ‘गरगरलं आणि मग उचकी लागली’ असं क्रमाने सांगा. सीटीत मेंदूचा हा भाग नीट दिसत नाही, म्हणून सीटी नॉर्मल आला आणि लक्षणं तशीच असली तर एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा.

मेंदूच्या देठाजवळची गाठ, मेंदूज्वर, क्षयामुळे आलेली मेंदूच्या आवरणाची सूज, यांतही उचकी दिसते.

अजून एक आजार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून थोडं थांबते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा बराच जास्त आढळतो. याची सुरुवात कधीकधी दिवसेंदिवस चालणाऱ्या उचक्या आणि उलट्यांनी होते, कारण मेंदूच्या देठातलं उलटीचं केंद्र आधी सुजतं. पेशंट पोटाच्या डॉक्टरकडे जाते, एंडोस्कोपी होते, पोट चांगलं निघतं, काही दिवसांनी उचकी आपोआप थांबते आणि सगळे विसरतात. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दृष्टी जाते किंवा पायांतलं बळ जातं. त्या आधीच्या उचकीतच आजार ओळखला गेला तर पुढचं नुकसान टाळण्याची औषधं आहेत. तरुण बाई, न थांबणारी उचकी आणि उलट्या, आणि पोटाच्या तपासण्या चांगल्या: हे तिन्ही जुळले तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच. 2015 पासून या आजाराच्या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत असं कारण न सापडणाऱ्या उचकीचं नाव घेतलेलं आहे.

किडनीच्या पेशंटला उचकी का लागते?

हा माझ्या रोजच्या कामातला विषय. किडनी रक्तातला युरिया आणि इतर घाण बाहेर टाकेनाशी झाली की ती रक्तात साठते आणि मेंदूच्या देठाला चिडवते. सोबत मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, अंगाला खाज, झोपाळूपणा येतो. आमच्याकडे लग्न किंवा गणपतीच्या धांदलीत एखादा पेशंट दोन डायलिसिस चुकवतो आणि तिसऱ्या वेळी दारातूनच ‘हिक्, हिक्’ करत आत येतो. मशीन लावल्यावर बहुतेकांची उचकी उतरते. ज्याला किडनीचा आजार आहे हे माहीतच नाही अशा माणसातही कधीकधी उचकीच पहिली तक्रार असते, म्हणून चिवट उचकीत क्रिएटिनिन आणि युरिया तपासतातच.

करंबळ खाल्ल्याने उचकी लागते हे खरं आहे का?

खरं आहे. कोकणात आणि गोव्यात हे वाचणाऱ्या प्रत्येक किडनीच्या पेशंटने हे पाठ करावं.

करंबळ म्हणजे पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं आंबटगोड फळ. कोणी कमरक म्हणतं, शहरात स्टारफ्रूट म्हणून विकतात. पोर्तुगीजांनी आपल्याच शब्दावरून त्याला ‘करांबोला’ म्हटलं आणि ते नाव जगभर गेलं. परसातलं झाड, मिठात बुडवलेल्या फोडी, लोणचं, आमटीतलं आंबट, सगळीकडे ते असतं. निरोगी किडनी यातलं विष लघवीवाटे काढून टाकते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये ते विष वेगळं करून दाखवलं आणि त्याला कॅरॅम्बॉक्सिन असं नाव दिलं. किडनी निकामी असेल तर ते मेंदूपर्यंत पोचतं. काही तासांत उचकी लागते आणि औषधांना दाद देत नाही. मग उलट्या, असंबद्ध बोलणं, फिट येणं, बेशुद्धी. माणसं दगावलेली आहेत. एक फळ, अर्धा पेला रस, एवढंही पुरतं.

आमच्याकडे एक काकू आल्या होत्या, डायलिसिसच्या दिवशी नव्हे, मधल्याच एका दिवशी. सुनेने सांगितलं, सकाळपासून उचकी आहे आणि मला माझ्या माहेरच्या नावाने हाक मारतायत. मी विचारलं, काल काय खाल्लं? शेजारणीने दिलेल्या फोडी, तिखटमीठ लावून. डॉक्टरांनी तासाभरात मशीन लावायला सांगितलं आणि पुढचे दोन दिवस सलग लावलं. त्या सावरल्या. आता त्या स्वतःच बाजूच्या खाटेवरच्या नव्या पेशंटला विचारतात, तुमच्या परसात करंबळ आहे का?

किडनीचा पेशंट, करंबळ आणि उचकी असं एकत्र दिसलं तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी केंद्रात फोन करा आणि काय खाल्लं ते सांगा.

पोटाच्या कोणत्या आजारात उचकी लागते?

सगळ्यात जास्त वेळा कारण पोटातच सापडतं. अन्ननलिकेत वर येणारं आम्ल हे नेहमीचं. जठराचा भाग श्वासपटलातून छातीत सरकणं, जठराला सूज किंवा व्रण, ऑपरेशननंतर पोट फुगणं, आतडं अडणं, स्वादुपिंडाची सूज हीही कारणं. घास अडकतोय, वजन उतरतंय आणि उचकी थांबत नाही असं असेल तर एंडोस्कोपी लांबवू नका, अन्ननलिकेचा किंवा जठराचा कर्करोग तपासावा लागतो.

यकृतातला पू आपल्याकडे विसरून चालणार नाही. अमिबामुळे होणारा हा फोड ताडी-दारू नियमित पिणाऱ्या पुरुषांत जास्त दिसतो. ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली दुखणं, आणि उजवा खांदा दुखणं. खांदा का? यकृतावर टेकलेल्या श्वासपटलाची नस मानेतून येते आणि मानेच्या त्याच मणक्यांतून खांद्याचीही संवेदना येते, म्हणून मेंदूची फसगत होते. त्याच चिडलेल्या श्वासपटलातून उचकी येते. साध्या सोनोग्राफीत हा फोड दिसतो.

आतडं अडण्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. जुलै 2021 मध्ये ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो दहा दिवसांहून जास्त उचक्यांनी बेजार होते. जाहीर भाषणातही त्या थांबत नव्हत्या. रुग्णालयात नेल्यावर आतड्यात अडथळा सापडला. 2018 मध्ये त्यांच्यावर चाकूहल्ला झाला होता आणि त्यानंतर पोटाची ऑपरेशनं झाली होती. पोटाचं जुनं ऑपरेशन, फुगलेलं पोट, वारा न सरणं आणि उचकी असं असेल तर तातडीने सर्जनकडे जा.

हार्ट अटॅकमध्ये उचकी लागते?

क्वचित, पण लागते. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो, त्या भागाला रक्त कमी पडलं तर उचकी येऊ शकते. मधुमेहाच्या पेशंटला छातीत दुखणं कधीकधी जाणवतच नाही. अशा माणसाला घाम, अस्वस्थपणा, धाप आणि उचकी असेल तर ईसीजी काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती झालेलं पाणी, हृदयाच्या आवरणाची सूज यांतही उचकी लागते, म्हणून छातीचा एक्स-रे काढतात.

रक्तात आणखी काय बिघडलं की उचकी लागते?

सोडियम. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा कोणी ‘मीठ बंद’ फारच मनावर घेतलं, की वयस्कर माणसाचं सोडियम घसरतं. माणूस सुस्त होतो, गोंधळतो, उचक्या देतो, घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. पोटॅशियम आणि कॅल्शियम कमी झालं तरी, मधुमेहात साखर फार वाढली तरी. ही सगळी रक्तं तालुक्याच्या लॅबमध्येही होतात.

औषधांमुळे उचकी लागू शकते का?

हो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड त्यात पुढे आहे. कोविडच्या काळात ते खूप वापरलं गेलं. केमोथेरपीत उलटी होऊ नये म्हणून तेच देतात, आणि केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरुष पेशंट उचकीची तक्रार करतात. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, झोपेची आणि भूल देण्याची काही औषधं, अफूच्या जातीची वेदनाशामकं यांनीही लागते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना सांगितलं तर औषध किंवा डोस बदलता येतो.

दारूचं वेगळं सांगायला नको.

कानात काही गेलं तरी उचकी लागते असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. व्हेगसचा एक फाटा कानाच्या नळीत असतो. पडद्याला टेकलेला एखादा केस किंवा मळाचा खडा एवढंही कारण सापडलेलं आहे. मोठ्या तपासण्यांच्या आधी डॉक्टरांनी कानात डोकावून बघितलं तर त्यांच्यावर वैतागू नका.

आयुर्वेदात उचकीबद्दल काय आहे?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 17वा अध्याय हिक्का आणि श्वास यांचाच आहे. महती, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा असे पाच प्रकार सांगितलेत. घाईघाईत जेवून लागते ती अन्नजा, श्रमाने वाढते आणि जेवल्यावर शमते ती क्षुद्रा. महती आणि गंभीरा मात्र प्राणावर बेतणाऱ्या. जीव घेणारे रोग पुष्कळ आहेत, पण हिक्का आणि श्वास जितक्या लवकर घेतात तितके दुसरे नाहीत, असं तिथे सुरुवातीलाच म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी उचकीला हलकं धरलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मोरपिसाची राख मधातून चाटवतात, त्याबद्दल विचारतात. शिकलेल्या वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण दोन दिवस झाले असतील तर रक्त आणि ईसीजी करून मग जा. घरी पीस जाळून म्हाताऱ्या माणसाच्या, त्यातून गिळताना त्रास होणाऱ्याच्या तोंडात राख घालू नका.

म्हाताऱ्या माणसाला उचकी लागली म्हणजे शेवट जवळ आला का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात, पेशंटकडे पाठ करून विचारतात. शेवटची उचकी, शेवटचा आचका, असं आपल्या बोलण्यातच आहे. त्यामुळे पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसाला उचकी लागली की घरात रडारड सुरू होते, नातेवाईकांना फोन जातात आणि रक्त मात्र कोणी तपासत नाही. सोडियम 115 पर्यंत घसरलेल्या एका आजोबांच्या तोंडात गंगाजल घालून झालं होतं. चार दिवसांनी ते वॉर्डात बसून मुलाला शेतातल्या पंपाबद्दल विचारत होते.

वय हे उचकीचं कारण नसतं, वयासोबत येणारे आजार असतात आणि त्यांतले बरेच दुरुस्त होतात. जिथे आजार खरोखर शेवटाकडे गेलाय, उदाहरणार्थ पसरलेला कर्करोग, तिथेही उचकी सोसायला लावणं बरोबर नाही. जेवण, झोप, बोलणं सगळं ती हिरावून घेते. वेदनाशमन आणि परिहार सेवा देणाऱ्या डॉक्टरांकडे त्यासाठी चांगली औषधं असतात, मागून घ्या.

बाळाला सारखी उचकी लागते, त्याचं काय?

काही नाही. बाळ पोटात असल्यापासून उचक्या देतं, आईला त्या ठेक्यात जाणवतातही. टाळूवर ओला दोरा ठेवा नाहीतर ठेवू नका, ती थांबतेच. दूध पाजून खांद्यावर घेऊन ढेकर काढा. पाणी, मध, साखर बाळाच्या तोंडात घालू नका. बाळ दूध ओढत नसेल, उचकीसोबत जोरात उलट्या होत असतील, निळं पडत असेल किंवा वजन धरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उचकी वर्षानुवर्षे चालू शकते का?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्न यांची उचकी 1922 मध्ये, डुकराचं वजन करत असताना लागली ती 1990 मध्ये थांबली. 68 वर्षं. त्यात त्यांनी लग्न केलं, मुलं वाढवली. असं अगदीच विरळा. पण महिनोन् महिने चालणाऱ्या उचकीचे पेशंट असतात, पुरुषांत जास्त, आणि ती माणसं खंगतात, चिडचिडी होतात, लोकांत जायचं टाळतात. कृपा करून त्यांना ‘नाटक करतोय’ म्हणू नका.

उपचार काय असतात?

आधी कारणाचा. सोडियम भरून काढलं, पू काढला, डायलिसिस केलं, आम्ल आवरलं की उचकी पुष्कळदा जाते. कारण सापडेपर्यंत किंवा सापडलंच नाही तर उचकी दाबणारी औषधं आहेत: बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, मेटोक्लोप्रमाइड, क्लोरप्रोमाझिन. सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. सुस्ती, तोल जाणं, बीपी उतरणं हे त्रास वयस्करांना होतात. कशानेच थांबली नाही तर फ्रेनिक नस बधिर करण्यापर्यंत जाता येतं.

माझी कळकळीची विनंती बॅक्लोफेनबद्दल. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. डायलिसिसच्या पेशंटला नेहमीचा डोस दिला तर तो दोन दिवसांत गुंगीत जातो, कधी बेशुद्ध होतो. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका, आणि नवीन डॉक्टरकडे गेलात तर किडनीचा आजार आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि सोबत काय न्यायचं?

आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन. थेट मोठ्या शहरात धावायची गरज नसते. धोक्याचं लक्षण असेल तर मात्र सरळ रुग्णालय. फिजिशियन रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी यांपासून सुरुवात करतील आणि त्यात काही नाही दिसलं तर एंडोस्कोपी किंवा मेंदूचा एमआरआय सांगतील.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. काढे, पुड्या, ताकदीच्या गोळ्याही त्याच पिशवीत. उचकी कधी सुरू झाली, त्याच्या आधी दिवसभरात काय झालं, काय खाल्लं, झोपेतही चालू राहते का, हे लिहून न्या. झोपेत थांबणारी उचकी थोडी कमी काळजीची धरतात, पण त्यावर विसंबू नका. आणि फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्याच्या बाकड्यावर बसलं की नेमकी ती थांबते. व्हिडिओत पेशंटला दोन वाक्यं बोलायला लावा, चार पावलं चालायला लावा, बशीतून चहा पिताना दाखवा. माझ्याकडे बाबांचा पहिल्या रात्रीचा एक व्हिडिओ आहे, मुलांनी हौसेने काढलेला. नावं घेण्याचा गोंधळ चाललाय, बाबा हसतायत. आता बघितला की त्यात ऐकू येतं, आवाज तेव्हाच बसलेला होता.